पवनमापन, दूरसंवेदी

वाऱ्याच्या झोतात प्रत्यक्ष उपकरण न ठेवता, दूर अंतरावरून ध्वनितरंग, रेडिओतरंग किंवा प्रकाशतरंग यांच्या साहाय्याने वाऱ्याचा वेग व दिशा ठरविण्याच्या पद्धतीस दूरसंवेदी पवनमापन असे म्हणतात. या कामी वापरण्यात येणाऱ्या उपकरणांना अनुक्रमे सोडार, रडार व लिडार अशी नावे आहेत. कृत्रिम उपग्रहांवरून होणारे पवनमापनही याच प्रकारात मोडते.

हवा पारदर्शक असल्यामुळे वारा स्वतः कोणत्याही उपकरणास दिसत नाही. खळ्यावर धान्य उफणणारा शेतकरी उडणाऱ्या भुसावरून वाऱ्याचा अंदाज घेतो. त्याचप्रमाणे दूरसंवेदी उपकरणेही वाऱ्याबरोबर वाहत जाणारे धूलिकण, ढग, पावसाचे थेंब अथवा हवेतील तापमानाची लहानमोठी विषमता यांचा माग काढतात व त्यावरून वाऱ्याचे अनुमान करतात. या अनुमानामागे काही गृहीते असतात. सपाट भूमीवर व समुद्रावर ती बहुधा खरी ठरतात. डोंगराळ भूमीवर ती तपासून घ्यावी लागतात. महाराष्ट्रात या प्रश्नाचे महत्त्व धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्याच्या उदाहरणावरून चांगले स्पष्ट होते.

साक्रीचा वारा : साक्री हे पांझरा नदीची उपनदी कान हिच्या काठी वसलेले तालुक्याचे ठिकाण असून ते अरबी समुद्रापासून सरळ अंतराने सु. १५० किमी. आत आहे. तालुक्याच्या पश्चिमेस सह्याद्रीची रांग उत्तरेकडे संपत येते. धुळे–सुरत मार्गावरील कोंडाईबारीचा घाट याच भागात आहे. दक्षिणेस सेलबारी-डोलबारीची डोंगररांग असून उत्तरेस तापीचे खोरे पसरलेले आहे. बेसाल्ट खडकातील उभ्या भित्तींमुळे बनलेल्या लांबट व अरुंद टेकड्या हे या प्रदेशाचे एक वैशिष्ट्य होय. नैर्ऋत्य मॉन्सूनच्या काळात समुद्रावरून येणारे पश्चिमेकडील वारे या उघड्या पठारांवर जोराने वाहतात. यांतील ब्राह्मणवेल परिसराच्या पठारांवर २००० नंतरच्या दशकात मोठ्या प्रमाणावर पवनचक्क्या उभारण्यात आल्या आणि खानदेशातील या कोरडवाहू भागाचे नाव देशाच्या पवनऊर्जेच्या नकाशावर आले. कोणत्या टेकडीवर चक्की उभारावयाची व तिच्यापासून किती वीज मिळेल, हे वाऱ्याच्या मापनावर ठरते. पठारावरील जमिनींत शेतजमिनींप्रमाणेच वनजमिनीही असल्याने, त्या जमिनी कसणाऱ्या आदिवासी कुटुंबांच्या दृष्टीनेही हे मापन केवळ शास्त्रीय कुतूहलाचा विषय राहिलेले नाही.

आरंभीचे मापन : वाऱ्याच्या जोराची वर्गवारी ब्रिटिश नौदलातील फ्रान्सिस बोफर्ट यांनी १८०५ मध्ये केली. ती शिडांवर व समुद्राच्या पृष्ठावर दिसणाऱ्या परिणामांवर आधारलेली होती. आयर्लंडमधील आर्मा वेधशाळेचे टॉमस रॉमनी रॉबिन्सन यांनी १८४६ मध्ये चार वाट्यांचा फिरता पवनवेगमापक तयार केला. त्याची सुधारलेली तीन वाट्यांची आवृत्ती आजही सर्वत्र वापरात आहे. मुंबईत कुलाबा येथे ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये वेधशाळा स्थापन केली होती व १८४१ पासून तेथे चुंबकीय व वातावरणीय निरीक्षणे नियमितपणे होऊ लागली. भारतीय वातावरणविज्ञान खात्याची स्थापना १८७५ मध्ये हेन्री ब्लॅनफर्ड यांच्या नेतृत्वाखाली झाली. १९२८ मध्ये खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्यास आले. मुख्यालय पुढे दिल्लीस गेले, तरी उपकरणे बनविण्याचे व त्यांचे अंशन करण्याचे काम पुण्यात चालू राहिले.

वाट्यांचा पवनवेगमापक भूपृष्ठालगतचाच वारा मोजू शकतो. झाडे, घरे व टेकड्या यांच्या घर्षणामुळे हा वारा मंदावलेला व दिशा बदललेला असतो. वरच्या थरांतील वारे मोजण्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी हायड्रोजन भरलेले लहान फुगे सोडून थिओडोलाइटातून त्यांचा पाठलाग करण्याची पद्धत रूढ झाली. भारतात जे. एच. फील्ड यांच्या देखरेखीखाली आग्रा येथे हे काम सुरू झाले. या पद्धतीत फुगा ठराविक गतीने वर चढतो असे धरण्यात येते. ऊर्ध्वगामी प्रवाह असल्यास हे गृहीत चुकते व उंची चुकीची येते. याहून मोठी अडचण ढगांची होती. मॉन्सूनमध्ये वाऱ्याचे ज्ञान सर्वांत अधिक हवे असते. त्याच काळात फुगा थोड्याच उंचीवर ढगात शिरून दिसेनासा होई. दुसऱ्या महायुद्धानंतर फुग्याला प्रेषक अथवा परावर्तक बांधून रेडिओ थिओडोलाइटाने वा रडारने त्याचा माग काढता येऊ लागला, तेव्हा ही अडचण दूर झाली.

या नव्या निरीक्षणांचे फळ लवकरच मिळाले. उन्हाळी मॉन्सूनमध्ये भारतावर सु. १४ ते १६ किमी. उंचीवर वाहणाऱ्या पूर्वेकडील स्रोतवाऱ्याचे विवेचन पी. कोटेश्वरम् यांनी १९५८ मध्ये केले. १९६६ मध्ये पी. व्ही. जोसेफ व पी. एल. रामन यांनी जुलै महिन्यात द्वीपकल्पावर सु. १.५ किमी. उंचीवर पश्चिमेकडील वाऱ्याचा एक वेगवान पट्टा असतो, असे दाखवून दिले. तीन वर्षांनी ब्रिटिश वातावरणवैज्ञानिक जे. फिंडलेटर यांनी या प्रवाहाचा संबंध पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यालगत विषुववृत्त ओलांडून येणाऱ्या वाऱ्यांशी जोडला. साक्रीच्या पठारावरील पावसाळी वारा हा या विशाल प्रवाहाशी निगडित आहे. उत्तर महाराष्ट्राच्या आसपास ऊर्ध्ववातावरणाची निरीक्षणे करणारी केंद्रे मुंबई, औरंगाबाद (छत्रपती संभाजीनगर) व नागपूर येथे आहेत. मात्र फुग्याचे निरीक्षण दिवसातून ठराविक वेळीच होते आणि फुगा वाऱ्याबरोबर दूर वाहत जातो. एकाच स्थानावरील वारा सतत मोजण्यासाठी वेगळ्या साधनाची गरज होती.

डॉप्लर परिणाम व रडार : हे साधन ज्या तत्त्वावर उभे राहिले, ते ऑस्ट्रियन भौतिकीविज्ञ क्रिस्तीआन डॉप्लर यांनी १८४२ मध्ये मांडले होते. तरंगांचा उगम व ग्राहक एकमेकांजवळ येत असल्यास तरंगांची कंप्रता वाढलेली व दूर जात असल्यास घटलेली आढळते. हवेतील कणांवरून परतलेल्या तरंगाच्या कंप्रतेतील फरक मोजल्यास कणांचा, पर्यायाने वाऱ्याचा, उपकरणाच्या दिशेने असलेला वेग समजतो. हा फरक अत्यल्प असतो. ५३ मेगॅहर्ट्‌झ कंप्रतेच्या रडारवर सेकंदास १ मी. या वेगामुळे पडणारा फरक सु. ०.३५ हर्ट्‌झ एवढाच असतो. म्हणजे सव्वापाच कोटींहून अधिक कंपनांत एका कंपनाच्या सु. तृतीयांशाचा फरक ओळखावा लागतो.

एका शलाकेवरून वाऱ्याचा एकच घटक मिळतो. संपूर्ण वारा मिळविण्यासाठी शलाका निरनिराळ्या दिशांना वळवावी लागते. रडारची शलाका वर्तुळाकार फिरवून वेग व दिशा काढण्याची पद्धत लेर्मीट व ॲटलस यांनी १९६१ मध्ये मांडली. शलाका ज्या वर्तुळातून जाते, त्या सर्व वर्तुळावर वारा सारखा आहे, हे या पद्धतीचे मूलभूत गृहीत होय. पुढील काळातील बहुतेक सर्व उपकरणांनी ते कोणत्या ना कोणत्या रूपात स्वीकारले.

पाऊस वा ढग नसताना स्वच्छ हवेतूनही रडारला क्षीण प्रतिध्वनी मिळतो, कारण संक्षोभामुळे हवेच्या प्रणमनांकात सतत सूक्ष्म फेरफार होत असतात. पेरूमधील हीकामार्का येथील ५० मेगॅहर्ट्‌झच्या रडारवर वुडमन व गियेन यांनी १९७४ मध्ये या प्रतिध्वनींवरून उच्च वातावरणातील वारे मोजून दाखविले. त्यातून पवन-पार्श्वदर्शक रडारांचा उगम झाला. भारतात आंध्र प्रदेशातील तिरुपतीजवळ गाडंकी येथे ५३ मेगॅहर्ट्‌झचे असे रडार उभारण्यात आले व १९९० नंतरच्या दशकाच्या आरंभी ते कार्यान्वित झाले. त्याचा आकाशक १,०२४ यागी घटकांचा असून तो १३० मी. × १३० मी. क्षेत्रावर पसरलेला आहे. महाराष्ट्रात पुण्यातील पाषाण येथे ४०४ मेगॅहर्ट्‌झच्या पट्ट्यातील पवन-पार्श्वदर्शक बसविण्यात आला. त्याच्या उभारणीत मुंबईच्या ‘समीर’ या संस्थेचा वाटा होता.

वादळे व पाऊस यांच्या निरीक्षणासाठी असलेल्या डॉप्लर रडारांपैकी भारतातील पहिले २००२ मध्ये चेन्नई येथे बसले व पुढे मुंबई व नागपूर येथेही अशी रडारे आली. तथापि मुंबईचे कुलाबा व साक्री यांतील सरळ अंतर सु. २८० किमी. आहे. पृथ्वीच्या वक्रतेमुळे क्षितिजाशी अर्ध्या अंशाचा कोन करून निघालेली शलाका एवढ्या अंतरावर सु. ७ किमी. उंचीवरून जाते. त्यामुळे पवनचक्कीच्या उंचीवरील वारा अशा रडारच्या टप्प्याबाहेर राहतो.

सोडार व लिडार : भूपृष्ठापासून काही शे मीटरांपर्यंतच्या थरासाठी सोडार हे उपकरण उपयोगी पडले. ध्वनीचा स्पंद आकाशाकडे सोडून तापमानाच्या विषमतेवरून येणारा त्याचा प्रतिध्वनी ऐकणे, हे त्याचे तत्त्व. अमेरिकेत १९४६ मध्ये या दिशेने प्रयोग झाले होते. ऑस्ट्रेलियातील मॅकॲलिस्टर यांच्या १९६८ मधील कार्यानंतर या पद्धतीस चालना मिळाली. भारतात मॉन्सून द्रोणीतील सीमास्तराच्या अभ्यासासाठी १९९० मध्ये झालेल्या प्रयोगात खरगपूर येथे सोडार वापरण्यात आला. सोडारची किंमत तुलनेने कमी असते. परंतु जोराचा पाऊस, सोसाट्याचा वारा व आसपासचा गोंगाट यांमुळे प्रतिध्वनी बुडून जातो.

लिडारमध्ये लेसर प्रकाशाचा उपयोग करतात. लेसरचा शोध १९६० मध्ये लागल्यानंतर प्रकाशाच्या साहाय्याने वारा मोजण्याचे प्रयत्न सुरू झाले. मात्र प्रकाशतंतू संदेशवहनाच्या तंत्राने स्वस्त व टिकाऊ घटक उपलब्ध झाल्यानंतरच, २००० नंतरच्या दशकात, एका वाहनातून नेता येण्याजोगे पवन लिडार बाजारात आले. सु. १.५ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशावर सेकंदास १ मी. वेगाचा परिणाम सु. १३ लाख हर्ट्‌झ एवढा होतो व तो अचूकपणे मोजता येतो. हवेतील धूलिकण हे लिडारचे लक्ष्य होय. कोरड्या प्रदेशातील धुळीची हवा त्यास अनुकूल ठरते. उलट पावसाळ्यात डोंगरमाथ्यावर ढग उतरले की प्रकाश लवकर शोषला व विखुरला जातो आणि वरच्या थरांची नोंद मिळत नाही.

उपग्रहांवरून : भूस्थिर उपग्रहाने ठराविक अंतराने घेतलेल्या चित्रांत ढग किती सरकले हे पाहून वारा काढता येतो. १९७९ च्या आंतरराष्ट्रीय मॉन्सून प्रयोगाच्या वेळी अमेरिकेचा एक भूस्थिर उपग्रह हिंदी महासागरावर आणण्यात आला होता. १९८३ मध्ये सोडण्यात आलेल्या इन्सॅट-१ बी उपग्रहामुळे भारतास स्वतःच्या साधनाने अशी चित्रे मिळू लागली. समुद्राच्या पृष्ठावरील लहान लाटांवरून होणाऱ्या रडार तरंगांच्या प्रकीर्णनावरून वारा ठरविणारी उपकरणे ओशनसॅट-२ (२००९), स्कॅटसॅट-१ (२०१६) व ओशनसॅट-३ (२०२२) या भारतीय उपग्रहांवर होती. यूरोपीय अवकाश संस्थेच्या एओलस (२०१८–२३) या उपग्रहाने अवकाशातून लेसरच्या साहाय्याने प्रथमच वाऱ्याचे मापन केले. यांमुळे अरबी समुद्रावरून येणाऱ्या मॉन्सूनचे चित्र स्पष्ट झाले. परंतु एखाद्या टेकडीच्या माथ्यावरील वाऱ्याचे उत्तर त्यांतून मिळत नाही.

पवन सर्वेक्षण आणि उंचीचा प्रश्न : भारतातील पवनऊर्जेच्या मोजणीचा पाया ॲना मणी (१९१८–२००१) यांनी घातला. वातावरणविज्ञान खात्यात पुण्याच्या उपकरण विभागात त्यांनी दीर्घकाळ काम केले होते. पुण्याच्या भारतीय उष्ण प्रदेशीय वातावरणविज्ञान संस्थेतील डी. ए. मुळे यांच्या सहकार्याने त्यांनी भारतातील पवनऊर्जेविषयीची माहिती १९८३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. त्यानंतर देशभर मनोरे उभारून सर्वेक्षण हाती घेण्यात आले. महाराष्ट्रात १९८५ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ऊर्जा विकास अभिकरणाने या कामात भाग घेतला. चेन्नई येथे १९९८ मध्ये स्थापन झालेल्या केंद्राने (पुढे राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्था) २०१० मध्ये पवन नकाशासंग्रह प्रसिद्ध केला. २०१५ मध्ये १०० मी. उंचीवरील देशाची पवनऊर्जाक्षमता ३०२ गिगॅवॉट, तर महाराष्ट्राची सु. ४५ गिगॅवॉट असल्याचा अंदाज या संस्थेने दिला.

आरंभीचे मनोरे २० ते २५ मी. उंचीचे होते. ब्राह्मणवेल परिसरात बसविण्यात आलेल्या १.२५ मेगॅवॉटच्या चक्क्यांचा आस मात्र त्याहून कितीतरी उंचीवर होता व पात्यांच्या चक्राचा व्यास ६६ मी. होता. अलीकडील चक्क्यांचा आस १२० ते १४० मी.पर्यंत गेला आहे. मोजलेल्या उंचीपासून चक्कीच्या उंचीपर्यंतचे अंतर गणिताने भरून काढण्याची रूढ पद्धत आहे. सपाट भूमीसाठी वेग हा उंचीच्या सु. एक-सप्तमांश घाताच्या प्रमाणात वाढतो असे धरतात. २५ मी.वर सेकंदास ५ मी. वेग असल्यास ७५ मी.वर तो या नियमाने सु. ५.८५ मी. येतो. वाऱ्यातील ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलत असल्याने ती सु. ६० टक्क्यांनी वाढते. परंतु टेकडीच्या माथ्यावर वारा दाबला जाऊन भूपृष्ठाजवळच वेगवान झालेला असतो व वर गेल्यास वेग फारसा वाढतोच असे नाही. वेग मुळीच न वाढल्यास ही ६० टक्के वाढ केवळ कागदावर राहते. कर्जाचे हप्ते व विजेचे दर ज्या आकड्यावर बेतलेले असतात, तो आकडाच त्यामुळे डळमळतो.

डोंगराळ भूमीतील मर्यादा : १०० ते २०० मी. उंचीपर्यंत थेट वारा मोजू शकणारे लिडार व सोडार यांचे महत्त्व येथे कळते. तथापि माथ्यावर ठेवलेल्या लिडारला वेगळाच दोष जडतो. त्याच्या शलाका उभ्या रेषेशी सु. ३० अंशांचा कोन करून सर्व बाजूंना जातात आणि सर्व शलाकांवर वारा सारखा आहे असे धरले जाते. प्रत्यक्षात वाऱ्याच्या बाजूच्या उतारावर हवा वर चढत असते, तर पलीकडच्या बाजूस ती खाली उतरत असते. वारा सेकंदास ८ मी. असून एका बाजूस हवा सेकंदास पाव मीटर वर जात आहे व दुसऱ्या बाजूस तितक्याच वेगाने खाली येत आहे असे मानल्यास, लिडार क्षितिजसमांतर वेग सु. ०.४३ मी.ने कमी दाखवील. ही चूक साडेपाच टक्क्यांच्या आत असली, तरी ऊर्जेच्या हिशोबात ती सु. १५ टक्के होते. अशा रीतीने एकाच माथ्यावर मनोऱ्यावरून केलेले अनुमान अवाजवी जास्त, तर लिडारचे मापन अवाजवी कमी येण्याचा संभव असतो. दोन्ही उपकरणे बिनचूक काम करीत असूनही हे घडते. दोष उपकरणात नसून गृहीतात असतो.

या कारणाने पवनचक्क्यांच्या कार्यमापनाविषयीच्या आंतरराष्ट्रीय विद्युत् तांत्रिक आयोगाच्या मानकात २०१७ साली दूरसंवेदी उपकरणांना मान्यता देताना ती साध्या, सपाट भूमीपुरती मर्यादित ठेवण्यात आली. समुद्रावर अशी अडचण नसते. राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेने २०१७ मध्ये खंबायतच्या आखातात, गुजरातच्या पीपावाव किनाऱ्यापासून सु. २३ किमी. अंतरावर, लिडार बसवून मापन सुरू केले. साक्रीसारख्या पठारांवर मात्र मनोरा, लिडार व भूरचना लक्षात घेणारे गणितीय प्रतिमान यांची सांगड घालावी लागते. मनोऱ्यावरील वाट्यांची नोंद व त्याच उंचीवरील लिडारची नोंद जुळवून पाहिल्यावर जो फरक उरतो, त्यावरून वरच्या थरांतील मापनाची दुरुस्ती ठरविता येते. वारा वर्षागणिक कमी-अधिक होत असल्याने काही महिन्यांच्या मापनास दीर्घकालीन नोंदींची जोड द्यावी लागते. विशेषतः ज्या प्रदेशात वर्षातील बहुतांश पवनऊर्जा मॉन्सूनच्या महिन्यांत मिळते, तेथे पावसाळा वगळून केलेले मापन निरुपयोगी ठरते.

फुग्यापासून लेसरपर्यंतच्या शंभरहून अधिक वर्षांच्या या वाटचालीत मापनाची उंची व सातत्य वाढले. तथापि प्रत्येक नवे साधन आपल्याबरोबर स्वतःचे गृहीत घेऊन आले आणि ते तपासण्यासाठी जुन्या साधनाची गरज राहिली. रॉबिन्सन यांच्या फिरत्या वाट्या लिडारच्या काळातही मनोऱ्यांवरून उतरविण्यात आलेल्या नाहीत, याचे कारण हेच होय.